कुंदाताईंनी ठरवलेल्या तीन बैठका

फोन विठ्ठलभाऊंचा होता. सकाळचे नऊ वाजले असतील. राळेगावच्या आमच्या रेडिओ केंद्राचं कुलूप उघडून मी नुकताच आत आलो होतो, पंखा लावला होता आणि यंत्रांवरची धूळ पुसत होतो. विठ्ठलभाऊ हे कुंदाताईंचे यजमान. ते स्वतःहून कधी कोणाला फोन करत नाहीत. गावच्या नळयोजनेची मोटर चालू-बंद करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि बोलणंही त्यांचं पाण्यासारखंच, लागेल तेवढंच सोडायचं. "अन्वर, आज तुह्या ताईचं रेकॉर्डिंग नाही होत," ते म्हणाले. मी विचारलं, "काहून भाऊजी, तब्येत बरी नाही का?" ते म्हणाले, "गेली तुही ताई. पहाटे उठली, चहा मांडला, अन् तिथंच बसली. उठलीच नाही." मी काही बोलायच्या आत त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, "सहाच्या कार्यक्रमाचं पाहून घेजो."

त्या दिवशी दुपारी आम्ही त्यांना पोहोचवून आलो आणि सहा वाजता मी केंद्रावर परत बसलो. नऊ वर्षं मी काचेच्या अलीकडे बसत आलोय. आवाज वर-खाली करायचा, खुणेनं 'बोला' म्हणायचं, एवढंच माझं काम. माइकपुढे मी कधी बसलो नव्हतो. त्या संध्याकाळी दुसरं कोणी नव्हतं. मी एवढंच बोललो, की आपल्या कुंदाताई आज सकाळी गेल्या, आज कार्यक्रम नाही. पुढं गाणं लावायचं होतं, ते लावलं नाही. तसाच बसून राहिलो. थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या, नाव काही त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा माइक चालूच हाय. पंख्याचा आवाज येऊन राह्यला." मी म्हटलं, "माफ करा बाई, बंद करतो." तर त्या म्हणाल्या, "नका करू. आमी बसलो ऐकत."

याला आता पाच आठवडे होतील. त्यांच्या घरी तेरवी झाली. माझी अम्मी म्हणते, चाळीस दिवस गेलेलं माणूस आपल्या घराच्या आसपासच असतं. कुंदाताई आमच्या घरच्या नव्हत्या, पण अम्मी दिवस मोजते आहे.

माझ्या अब्बांचं बसस्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ दुरुस्त करून घेणं बंद केलं तेव्हा एका संस्थेनं इथं हे छोटं केंद्र सुरू केलं, आणि यंत्रं सांभाळायला मला ठेवलं. दहा-बारा किलोमीटरच्या टापूत आमचा आवाज जातो. सुरुवातीला आम्ही जे काही ऐकवायचो ते खरं सांगायचं तर कोणी ऐकत नव्हतं, आणि आम्हालाही त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. अशाच एका दुपारी हातात कापडी पिशवी घेऊन एक बाई दारात उभ्या राहिल्या. ठेंगण्या, केस अर्धे पांढरे, कपाळावर मोठं कुंकू. "रेडिओवाला कोन हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. "परवा तुमच्या इथं एक साहेब बोलले. आर्द्रता म्हणे, आवर्तन म्हणे, अन् काय काय म्हणे. मी सारी जिंदगी अंगणवाडीत लेकरं सांभाळली, चार बुकं वाचली. मलेच नाही समजलं, तं माह्या शेजारणीले काय समजन?" आतल्या खोलीतून आमच्या केंद्रप्रमुख मॅडम बाहेर आल्या होत्या. त्या पुण्याकडच्या, पण भल्या बाई. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सांगाल का समजेल असं?" कुंदाताईंनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "आधी पानी पाजा, मंग पाहू."

दुसऱ्या दिवसापासून त्या एसटीनं यायला लागल्या. त्यांचं गाव इथून आठ किलोमीटर. संध्याकाळी सहाला अर्धा तास. हवामान खात्याचं पत्रक यायचं, ते त्या आपल्या भाषेत सांगायच्या. मग पाखरं, झाडं, विहिरीचं पाणी, कुठं कोणत्या बांधावर मधाचं पोळं दिसलं, असलं काहीबाही. लोकांचे फोन घ्यायच्या. वर्षभरात अशी वेळ आली की सहाच्या सुमाराला पानटपरीवर, सलूनमध्ये, चक्कीवर तोच आवाज. माझे अब्बा तोवर थकले होते, दुकान बंद होतं, पण घरातला जुना संच त्यांनी स्वतः खोलून नीट केला. मला म्हणाले, "इस बाई के लिए किया, तेरे लिए नहीं."

आता जे सांगतो ते सांगावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण हे वगळलं तर ताई कोण होत्या हे कळणार नाही, आणि त्या स्वतः ते लपवत नव्हत्या.

दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्याची गोष्ट. मृगाचा चांगला पाऊस झाला होता आणि सगळ्यांना पेरणीची घाई होती. फोनवर फोन येत होते, ताई पेरू का, ताई अजून पाऊस हाय का. पत्रकात लिहिलं होतं की पुढचे काही दिवस तुरळक ठिकाणी हलक्या सरी येतील, पेरणीची घाई करू नये. ताईंनी ते वाचलं, नीट समजावलं, आणि शेवटी आपल्या मनानं एक वाक्य घातलं... "पन ज्याच्या वावरात ओल चांगली हाय, त्यानं पेरायले हरकत नाही." मी काचेतून पाहत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर पावसानं जी पाठ फिरवली, तो लवकर परत आलाच नाही. उगवलेली कपाशीची पऱ्हाटी दोन पानांवर करपली. किती जणांनी ताईंच्या वाक्यावर पेरलं आणि किती जण तसेही पेरणारच होते, हे कोणाला सांगता येणार नाही. पण एका संध्याकाळी कार्यक्रम चालू असताना फोन आला. जवळच्याच गावचे देवराव नावाचे एक शेतकरी. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. "बाई, तुमी हरकत नाही म्हनल्या, मी पेरलं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला. ताईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी गाणं लावलं.

मॅडम म्हणाल्या, खुलासा करू, पत्रक पुन्हा वाचू, लोक विसरतात. ताई दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "चूक रेडिओवरून केली, तं माफी बी रेडिओवरून मागू म्हणता तुमी. पन रेडिओत मीच बोलते. त्याईले मले काही बोलता येत नाही ना. मी जाते त्याईच्यापाशी." मग माझ्याकडे वळल्या, "अन्वर, तुही गाडी हाय का मोकळी?"

त्या दुपारी मोटारसायकलवर माझ्या मागं बसून त्या देवरावांच्या गावी गेल्या. गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आधीच वीस-पंचवीस माणसं होती, काही बाया पलीकडे लिंबाच्या सावलीत. कोणी 'बसा' म्हटलं नाही. ताई ओट्यावर न चढता खाली जमिनीवरच बसल्या. देवराव कोण हे मला विचारावं लागलं नाही. ते पुढं आले आणि म्हणाले, "त्या दिवशीचं पत्रक आनलं का? वाचून दाखवा." ताईंनी पिशवीतून कागद काढला, वाचला. "याच्यात तं घाई करू नका म्हनून लिवलं हाय," देवराव म्हणाले, "मंग हरकत नाही, हे कोनी लिवलं?"

"कोनी नाही. ते माह्या मनचं होतं."

"काहून बोलल्या?"

ताईंचा हात त्या कागदाची घडी घालत होता, उलगडत होता. "तुमचे सारख्यानं फोन येत होते. पेरू का, पेरू का. मले वाटलं, तुमाले धीर द्याव. धीर द्यायच्या नादात मी तुमाले खोटं सांगितलं. मले माहीत नव्हतं, अन् मी माहीत हाय असं बोलली."

मला वाटलं, आता इथून उठावं. तेवढ्यात लिंबाखालून एक म्हातारी बाई म्हणाल्या, "असं पाह्यलं तं आमी बी कायले कोनाच्या सांगन्यानं पेराव? आपल्या वावरात हात घालून पाह्याले आपल्याले हात नाही का?" त्यावर दुसरं कोणी काही म्हणालं, त्यावर तिसरं. बोटभर ओल आणि वीतभर ओल यांतला फरक, मुंग्यांनी अंडी कधी उचलली, कोणाच्या आज्यानं कोणत्या झाडाची पालवी पाहून सरकी लावली, आणि आता ती झाडंच बांधावर राहिली नाहीत... दोन तास माणसं बोलत होती. एकमेकांचं खोडत होती. ताई नुसत्या ऐकत होत्या. देवरावांनी त्यांना माफ केलं असं काही झालं नाही. निघताना त्यांनी एवढंच म्हटलं, "पुन्यांदा पत्रक आनाल तं पुरं वाचा. अन् तुमच्या मनचं असन तं, हे माह्या मनचं हाय, असं सांगा." परतीच्या वाटेवर ताई माझ्या कानाशी ओरडून म्हणाल्या, कारण वारा होता, "अन्वर, हे सारं आपल्या रेडिओत काहून नाही येत रे?"

तिथून बैठका सुरू झाल्या. महिन्यातून एक, कधी दोन. आज या गावी, उद्या त्या. मंच नाही, हारतुरे नाहीत, दीपप्रज्वलन नाही. सतरंजी गावाची, चहा गावाचा, माइक आमचा. शहरातून कोणी तज्ज्ञ आले तर त्यांनीही खालीच बसायचं आणि सगळ्यांत शेवटी बोलायचं. हा ताईंचा नियम. पुष्कळ साहेबांना तो आवडायचा नाही, आणि काही जण पुन्हा आले नाहीत. देवराव मात्र झाडून प्रत्येक बैठकीला यायचे, कुठंही असो. सायकल उभी करायचे, मागं बसायचे, आणि सुरुवातीलाच म्हणायचे, "आधी पत्रक वाचा." ताई वाचायच्या. इतर लोक हसायचे. ते दोघं हसायचे नाहीत.

एका बैठकीची मला फार आठवण येते. आमच्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत, म्हणजे त्यांच्या जंगलाकडेच्या लहान वस्त्या. तशा एका पोडावर आम्ही गेलो होतो. बरोबर कृषी विषयातले एक प्राध्यापक होते, तरुण, मनापासून आलेले. त्यांनी बरीच तयारी केली होती, चित्रं आणली होती. पोडावरची माणसं आमच्यासमोर बसली आणि बसूनच राहिली. कोणी बोलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "मी सुरू करू का?" ताईंनी नुसता तळहात दाखवला, थांबा म्हणून. मी हेडफोन घालून बसलो होतो. माझ्या कानात फक्त पानांची सळसळ आणि कोंबड्यांचा आवाज. मला वाटलं, आजचं रेकॉर्डिंग वाया गेलं. मग एक म्हातारी, तिला सगळे आया म्हणत होते, ती कोलामीत काही बोलली. शेजारच्या सुनेनं मराठीत सांगितलं, "आया म्हनते, मोहाले आता समजत नाही कधी फुलाचं. पयले सारे मोह एका आठवड्यात गळत. आता एक आज गळते, एक पंधरा दिवसानं. ते म्हनते, झाडायचं आपसातलं बोलनं तुटलं." ताईंनी विचारलं, "काहून तुटलं असन, आया?" आयानं उत्तर द्यायला पुन्हा तेवढाच वेळ घेतला. "थे मले काय इचारता. तुमी शहरातून आलेले, तुमीच सांगा तुमी काय केलं."

प्राध्यापकांनी चित्रांची गुंडाळी उघडलीच नाही. त्यांनी वही काढली आणि आयाला विचारून विचारून लिहून घेतलं, कोणता मोह कुठला, कधी गळला. जाताना गाडीत ते ताईंना म्हणाले, "मी आज बोलायला आलो होतो." ताई म्हणाल्या, "मंग बोलले ना तुमी. चांगलं बोलले."

लोक मला म्हणतात, अन्वर, तू नशीबवान, तुझ्यापाशी ताईंचा आवाज आहे, वाटेल तेव्हा ऐक. आहे खरा. संगणकात सगळं नीट लावून ठेवलेलं आहे. पहिल्या आठवड्यात मी एक-दोन कार्यक्रम ऐकलेही. पण ते प्रसारणानंतर साठवताना स्वच्छ केलेले कार्यक्रम. ते माझंच काम होतं. ताई बोलता बोलता थांबायच्या, तो थांबा मी कापायचो. खोकायच्या, ते कापायचो. फोनवरचं माणूस बोलत असताना त्या मध्येमध्ये "हं... हं... मंग?" म्हणायच्या, मी ते खूप झालं म्हणून निम्मं काढून टाकायचो. चहाचा घोट घेतल्याचा आवाज, बांगड्या टेबलाला लागल्याचा आवाज, आणि बोलणं संपल्यावर काचेतून माझ्याकडे पाहून, "झालं का रे बापू तुह्या मनासारखं?"... हे सगळं नऊ वर्षं मी रोज संध्याकाळी पुसत आलो. आता मला जे ऐकायचंय ते नेमकं तेच आहे, आणि ते कुठंच नाही. त्या पोडावरची ती लांब शांतताही मी चार सेकंदांची करून टाकली होती. चांगली ऐकू येते ती बैठक. पण ती बैठक तशी झाली नव्हती.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशीची. त्यांना दम लागत होता. आमच्या केंद्राला सात पायऱ्या आहेत, ताई चौथ्या पायरीवर थांबल्या होत्या आणि मला पाहून, चप्पल नीट करतेय असं दाखवलं होतं. आत आल्यावर पिशवीतून वहीचा कागद काढला. उन्हाळ्याच्या तोंडावर तीन बैठका घ्यायच्या, त्यांनी ठरवून टाकलं होतं. पहिली विचारांची, दुसरी निसर्गाची, तिसरी हवामानाची. मॅडमना पहिलीचा विषय कळेना. विचार म्हणजे नेमकं काय? ताई म्हणाल्या, "लोकायले वाटते का विचार करनं हे शिकलेल्यायचं काम हाय. आपन फक्त त्याईचं ऐकाव. म्हनून पयली बैठक याच्यासाठीच, का बाई तुह्या डोक्यात काय चालू हाय ते सांग. झाडाबद्दल सांग, नाही तं सुनेबद्दल सांग. एकदा सांगाची सवय लागली, मंग निसर्गाचं अन् हवामानाचं आपोआप बोलतीन." मॅडमना पटलं. मला पटलं नाही असं नाही, पण त्या दिवशी मी वेगळंच बोलून बसलो. मी म्हटलं, "ताई, आता जमाना बदलला. लोक मोबाइलवर ऐकतात. मी तुमचं बोलनं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकून देतो. इतक्या उन्हात कोन येते बसायले?" मला त्यांची दमछाक दिसत होती, म्हणून बोललो. पण ते कारण मी सांगितलं नाही. जमान्यावर ढकललं. धीर द्यायच्या नादात मीही खोटंच बोललो म्हणा.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "पाहू." मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. खिडकीत बसल्यावर त्यांनी हात केला, मीही केला. एवढंच. बस निघाली आणि मी टपरीवर चहा प्यायला गेलो...

तेरवीनंतर आठवडाभरानं मॅडम म्हणाल्या, त्या तीन बैठका घ्यायच्याच, तारखा ठरवू. गावं कोणती हे ताईंच्या त्या कागदावर होतं, आणि कागद त्यांच्या घरी. म्हणून मी गेलो. दुपारची वेळ. विठ्ठलभाऊ अंगणात तुरीच्या काड्या रचत होते. त्यांनी चहा केला, साखर थोडी जास्त पडली होती, आम्ही दोघांनी तो तसाच पिऊन टाकला. कागदाचं विचारलं तर म्हणाले, "खोलीत असन. चाल."

मागच्या बाजूला धान्याची एक अंधारी खोली होती. दार उघडलं तर आत चारी भिंतींना गोधड्या लावलेल्या, वर दोरीवरून दोन जाड सतरंज्या सोडलेल्या, मधोमध एक लाकडी पाट आणि एक पत्र्याचा डबा, उलटा घातलेला. मी उंबऱ्यातच थांबलो. कोरोनात सगळं बंद होतं त्या वर्षी ताई घरूनच रेकॉर्डिंग पाठवायच्या, आणि आवाज इतका स्वच्छ यायचा की मी विचारायचो, ताई, कुठं बसून बोलता? "खोलीत," त्या म्हणायच्या. पुढं केंद्र उघडलं, त्या यायला लागल्या, मी विसरून गेलो. विठ्ठलभाऊंनी गोधड्यांकडे पाहिलं. "काढाच्या म्हनते लेक. राहू दे म्हटलं." मग ते त्या उलट्या डब्यावर बसले, अगदी सवयीनं, आणि मला पाट दाखवला. "तुही ताई तिथं बसे. मी इथं. रोज दुपारी."

"तुमी कायले?" मी विचारलं.

"वाचून दाखवे मले. संध्याकाळी जे सांगाचं ते. मले नाही समजलं तं मी म्हनो, नाही समजलं. मंग ते खोडे, पुन्यांदा लिवे."

मी नऊ वर्षं लोकांना सांगत होतो की कुंदाताईंच्या जिभेवर सोपी भाषा जन्मापासून आहे. त्यांनी मला कधी दुरुस्त केलं नाही. मी विचारलं, "अन् ते पेरणीचं वाक्य, भाऊजी? ते बी वाचून दाखवलं होतं?" विठ्ठलभाऊंनी मान हलवली. "ते नव्हतं वाचलं. ते तिथंच सुचलं तिले. त्याच्यानंतर एक शब्द बी मले सांगितल्याबिगर नाही बोलली."

कागद फळीवर एका डब्याखाली सापडला. तीन गावांची नावं, पुढं कोणत्या झाडाखाली बसायचं तेही लिहिलेलं. पहिलं नाव त्या पोडाचं. खाली एक ओळ होती, 'अन्वरले पाणी जास्त न्यायले सांगणे, ऊन राहीन.' मी ती दोनदा वाचली. मग खिशातून माझा कागद काढला. संध्याकाळच्या कार्यक्रमात सांगायची सूचना मी लिहून आणली होती. आता सहाला मीच बसतो. अजून कोणी दुसरं मिळालेलं नाही, आणि खरं म्हणजे मी शोधलेलंही नाही. विठ्ठलभाऊ म्हणाले, "वाच."

मी वाचलं. "आपल्या रेडिओ केंद्राच्या वतीनं विचार, निसर्ग आणि हवामान बदल या विषयांवर तीन संवाद बैठकांचं आयोजन करण्यात आलं आहे. सर्व श्रोत्यांनी बहुसंख्येनं उपस्थित राहावं."

"नाही समजलं," विठ्ठलभाऊ म्हणाले.

"काय नाही समजलं, भाऊजी?"

"येऊन कराचं काय?"

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. मी पेन काढलं, तो मजकूर खोडला, आणि त्या पाटावर मांडी घालून पुन्हा लिहायला बसलो. लिहिलं, की येत्या रविवारी दुपारी तीनला पोडावरच्या मोहाखाली आपण बसणार आहोत. तुमच्या डोक्यात काय चालू आहे ते सांगायला या. झाडाबद्दल सांगा, घराबद्दल सांगा. त्याच्या पुढच्या रविवारी झाडा-पाखरांचं बोलू, त्याच्या पुढच्या रविवारी पावसा-उन्हाचं. कोणाला काही येत असलं पाहिजे असं नाही. विठ्ठलभाऊंनी ऐकून घेतलं. थोडा विचार केला. "ते समजलं. पन तिच्या जागी कोन येनार, हे इचारतीन लोक. ते नाही लिवलं तू."

गोधड्यांमुळे त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. विठ्ठलभाऊ घाई करत नव्हते, हात गुडघ्यांवर ठेवून डब्यावर बसले होते, रोज दुपारी बसत असतील तसे. मी शेवटी दोन ओळी लिहिल्या आणि वाचल्या, "कुंदाताई नाहीत. त्यांच्यासारखं बोलणारं कोणी येणार नाही, पण तुम्ही बोलाल ते ऐकायला मी येणार आहे."

विठ्ठलभाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं, हेही नाही समजलं. मी पेन उघडलं. तेव्हा ते म्हणाले, "समजलं." आणि थोड्या वेळानं, डोळे मिटून, "अजून एक डाव वाच."

मी कागद सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.